बारा व्होल्टची बोट

जुनी लाकडी मोटरबोट पुन्हा पाण्यावर आणायची म्हटली की पैसा आणि वेळ कुठे जाणार हे ठरलेलं असतं. सडलेल्या फळ्या बदलायच्या, फटी भरायच्या, रंग आणि वार्निश चढवायचं, इंजिन सोडवून पुन्हा बसवायचं. वायरिंग राहतं सगळ्यात शेवटी. तोवर हात आखडलेला असतो आणि बोट पाण्यात ढकलायची घाई झालेली असते. मग घराचं काम करणाऱ्या ओळखीच्या वायरमनला बोलावलं जातं. बाराच व्होल्ट, त्यात काय, शॉकसुद्धा बसत नाही, असं मालकही म्हणतो आणि वायरमनही.

शॉक बसत नाही हे खरं. लहान बोटीत विजेची भीती असते ती वेगळ्याच कारणांनी: आग लागण्याची, रात्री आपला दिवा दुसऱ्याला न दिसण्याची, आणि तळात पाणी चढत असताना पंप बंद पडण्याची. या तिन्हींचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण एकाच ठिकाणी पोचतो. कुठेतरी दोन तारा जोडलेल्या असतात आणि तो जोड ओला, सैल किंवा हिरवा पडलेला असतो. दिवे, पंप, स्विच बाजारात तयार मिळतात. जोड मात्र आपल्याला करावे लागतात, आणि बोटीचं वायरिंग चांगलं की वाईट हे त्यांच्यावरूनच ठरतं. म्हणून या प्रकरणात दिव्यांइतकंच जोडांबद्दल बोलायचं आहे.

आपल्या किनाऱ्यावर या कामाला हंगाम आपसूक मिळतो. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, ताडपत्र्या पडलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत माणसांना उसंत असते. हवा मात्र सादळलेली. तेव्हा तारा ओढणं, पट्ट्या बसवणं, भोकं पाडणं पावसात उरकून घ्यावं आणि जोड करण्याचं काम उघडीप बघून करावं.

जुन्या तारा

जुन्या तारांपैकी काही वाचवता येतील का, हा मोह टाळलेला बरा. 1950-60 च्या दशकांतल्या बोटींत रबराचं वेष्टण आणि त्यावर विणलेलं सुती कापड असलेल्या तारा सापडतात. रबर इतकं वाळलेलं असतं की वाकवलं की भुगा होतो. नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या तारा बाहेरून धडधाकट दिसतात. टोक सोलून बघा. तांबं काळं असेल तर आणखी सोला. खारट ओलावा बारीक धाग्यांमधून वेष्टणाच्या आत चढत जातो, त्यामुळे हातभर सोललं तरी लकाकी लागत नाही असं पुष्कळदा होतं. ती तार भंगारात द्यावी.

उतरवताना घाई नको. कुठली तार कुठून निघून कुठे जाते हे कागदावर काढून ठेवा. फळ्यांमागून गेलेली तार ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधा. तार बाहेर आली की तिच्या जागी दोरी राहते आणि त्याच वाटेने नवी तार खेचता येते. बोट बांधणाऱ्या सुताराने काढलेल्या वाटा सहसा शहाणपणाच्या असतात.

आणखी एक गोष्ट मल्टीमीटरने आधीच बघून ठेवायची. काही जुन्या ब्रिटिश इंजिनांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक इंजिनाच्या लोखंडाला जोडलेलं असे. आजच्या नेमकं उलटं. काही बोटी बाराच्या नसून सहा व्होल्टच्या असत. अशा इंजिनावर डोळे झाकून नवा रेडिओ किंवा मासे शोधायचं यंत्र जोडलं की ते त्याच क्षणी निकामी. दोरी ओढून सुरू करायच्या लहान आउटबोर्डची गोष्ट आणखी वेगळी. त्यांतल्या अनेकांत बॅटरी चार्ज करायची सोयच नसते. तिथे बॅटरी घरून भरून आणायची आणि हिशेबाने वापरायची.

तार किती जाड

घरात 230 व्होल्ट असतात. 100 वॉटच्या वस्तूला तिथे अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह लागतो. तितक्याच वॉटची वस्तू 12 व्होल्टवर चालवायला 8 अँपिअरच्या वर लागतो. दाब जवळपास विसावा हिस्सा, म्हणून प्रवाह वीसपट. तारेत आणि जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे तोच जोड चारशेपट तापतो. घरच्या बोर्डात वर्षानुवर्षं खपून गेलेला ढिला स्क्रू बोटीत वेष्टण वितळवतो तो यामुळे. शिवाय 230 मधून एक व्होल्ट गळाला तर कुणाला कळतही नाही. 12 मधला एक गळाला तर साध्या बल्बचा पाव उजेड जातो, कारण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घसरतो.

नमुन्यादाखल एक बोट घेऊ. लांबी 6 मीटर, बॅटरी मागच्या बाकाखाली, लाल-हिरवा जोडदिवा पुढे नाळेवर. तार वळणं घेत कडेने जाते, म्हणून अंतर 7 मीटर धरा. जाऊन-येऊन 14 मीटर झाले. परतीची तार मोजायला माणसं हमखास विसरतात. दिव्यात 25 वॉटचा तंतूचा बल्ब असेल तर 2.1 अँपिअर लागतील. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.0172 ओहम असतो. लांबीने गुणायचं, जाडीने भागायचं, अँपिअरने गुणायचं, की वाटेत किती व्होल्ट हरवले ते मिळतं. पाऊणची तार वापरली तर 0.67 व्होल्ट हरवतात, म्हणजे साडेपाच टक्के. दीडची वापरली तर 0.34, म्हणजे 2.8 टक्के. अडीचची वापरली तर जेमतेम 0.2.

लहान बोटींच्या वायरिंगसाठी जगभर ज्यांचं मानक प्रमाण मानलं जातं त्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलने दिशादर्शक दिव्यांसाठी 3 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. केबिनमधल्या दिव्यासारख्या बिनमहत्त्वाच्या वस्तूंना 10 टक्के चालतात. दीडची तार काठावर पास होते. मी अडीचची टाकेन. एलईडी दिवा लावायचा असेल तर प्रवाह पाव अँपिअरवर येतो आणि पाऊणची तारही हिशेबात बसते, तरी दीडच्या खाली जाऊ नये. बारीक तार इंजिनाच्या थरथरीने तुटते, आणि ती तुटते वेष्टणाच्या आत, जिथे दिसत नाही.

तार कुठली, हा प्रश्न जाडीहून महत्त्वाचा आहे. एकसंध, जाड एकाच धाग्याची तार बोटीत चालतच नाही, ती कंपनाने मोडते. अनेक बारीक धाग्यांची हवी आणि प्रत्येक धाग्यावर कथलाचा मुलामा हवा. आजीच्या तांब्याच्या पातेल्यांना कल्हईवाला जे करत असे तेच इथे धाग्याधाग्याला केलेलं असतं, आणि कारणही तेच: तांबं उघडं राहू नये. घराच्या वायरिंगसाठी दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या तारेला हा मुलामा नसतो. गोड्या पाण्याच्या तळ्यात ती काही वर्षं काढेल. खाडीत तिच्यावर भरवसा नको. मुलाम्याची तार महाग पडते, आणि मुंबईच्या लोहार चाळीसारख्या मोठ्या बाजारातसुद्धा तीच हवी असं ठणकावून सांगावं लागतं, नाहीतर दुकानदार नेहमीचंच भेंडोळं पुढे करतो.

जोड

दोन तारांची टोकं पिळायची, वर काळी टेप गुंडाळायची, हा आपल्याकडचा सार्वत्रिक जोड. उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन पाघळतो, टेप सुटते आणि आत शिरलेलं खारं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. टेपशिवायचा जोड निदान वाळतो तरी.

डाख देणं, म्हणजे सोल्डर करणं, हा त्याहून बरा उपाय वाटतो आणि इथेच जाणती माणसंही फसतात. वितळलेलं सोल्डर धाग्यांमधून वर चढतं आणि मऊ तारेची तेवढी लांबी कडक सळी होते. सळी जिथे संपते आणि मऊ तार सुरू होते तिथे कंपनाचा सगळा मार बसतो, आणि तार बरोबर तिथेच तुटते. म्हणून मानकात नियम आहे की केवळ सोल्डरच्या जोरावर जोड धरून ठेवू नये.

बोटीत चालतो तो दाबून केलेला जोड. तारेच्या टोकाला मापाचं थिंबल घालायचं आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायचं. पकड दातेरी यंत्रणेची हवी, जी पुरता दाब बसल्याशिवाय उघडतच नाही. साध्या पकडीने किंवा हातोडीने चेचलेलं थिंबल दिसायला सारखंच दिसतं, हाताने जोरात ओढलं की निघून येतं. प्रत्येक जोड असा ओढून बघायचाच. थिंबलवर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून ती गरम हवेने आवळायची. गोंद वितळून दोन्ही टोकांशी बाहेर डोकावला की पाण्याची वाट बंद झाली असं समजा. लायटरने स्लीव्ह आवळणारे पुष्कळ आहेत. त्यात अर्धी स्लीव्ह करपते आणि अर्धी तशीच राहते. थिंबल शक्यतो बंद कडीचं घ्या. उघड्या काट्याचं थिंबल स्क्रू जरा ढिला झाला की निसटतं, बंद कडी निदान अडकून राहते.

आता मूळ मुद्दा. सगळ्यात चांगला जोड म्हणजे न केलेला जोड. प्रत्येक दिव्यासाठी पॅनेलपासून दिव्यापर्यंत अखंड तार टाका, मध्ये तुकडा जोडू नका. चार मीटर तार वाचवायला वाटेत जोड देणं म्हणजे पुढच्या बिघाडाची जागा आधीच नेमून ठेवणं. जिथे जोड टाळताच येत नाही तिथे तो उंचावर, हात पोचेल अशा जागी करा. तळात साचणाऱ्या पाण्याच्या पातळीखाली एकही जोड नको, आणि पंपाची तारसुद्धा आधी वर चढवून मगच जोडा. तार डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, डब्यात जात नाही. अर्ध्या मीटरच्या आत एकदा तरी तार फळीला चिमट्याने बांधलेली असावी. लोंबणारी तार घासते, घासलेली तार उघडी पडते.

फ्यूज कुणासाठी

फ्यूज दिवा वाचवण्यासाठी असतो असा समज आहे. तो असतो तार वाचवण्यासाठी. नीट चार्ज झालेल्या मोटारीच्या बॅटरीची दोन टोकं चुकून पान्याने जोडली गेली तर क्षणभर हजारभर अँपिअर वाहू शकतात. पाना जागीच चिकटतो, लाल होतो. तोच प्रवाह दीडच्या तारेतून गेला तर तार पेटते, आणि ती पेटते वार्निश केलेल्या लाकडाला टेकून. म्हणून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून सुमारे 18 सेंटिमीटरच्या आत फ्यूज असावा असं मानक सांगतं; तार त्याआधी नळीत झाकलेली असेल तर थोडी सूट आहे. या मधल्या तुकड्यात बिघाड झाला तर त्याला अडवणारं कुणीच नसतं, म्हणून तो तुकडा इतका आखूड ठेवायचा. त्यापुढे पॅनेल, आणि पॅनेलवर प्रत्येक वाटेला आपला वेगळा फ्यूज. दिव्यांना 5 अँपिअरचा पुरतो. सतत उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणाऱ्याने तार बदलावी किंवा बिघाड शोधावा.

बॅटरी पट्ट्याने अशी आवळा की बोट कलली तरी ती जागची हलणार नाही. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, म्हणून खोक्याला वरच्या बाजूला भोकं हवीत. पेट्रोलची वाफ उलटी: हवेपेक्षा जड, ती तळात उतरून बसते. आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर त्या कप्प्यातला प्रत्येक स्विच आणि मोटर ठिणगी बाहेर न सोडणाऱ्या जातीची हवी, आणि इंजिन सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं पंखा चालवून कप्पा मोकळा करायला हवा. मोटारीच्या दुकानातला स्वस्त स्टार्टर याच कारणाने बोटीत चालत नाही, जरी बोल्ट तंतोतंत जुळले तरी.

परतीची वाट

मोटारीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक सांगाड्याला जोडलेलं असतं आणि दिव्यापर्यंत एकच तार जाते; परतीचा प्रवाह पत्र्यातून येतो. बोटीत ही युक्ती करायची नाही. लाकूड किंवा फायबर प्रवाह नेत नाही हा एक भाग झाला. ॲल्युमिनियमची बोट नेते, आणि तिथे तर हे मुळीच करायचं नाही, कारण भरकटलेला प्रवाह समुद्राच्या पाण्यातून वाट काढतो आणि धातू खातो. हिशेब सोपा आहे: एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून पाण्यात उतरत राहिला तर नऊ किलोच्या आसपास लोखंड विरघळतं. तांबं असेल तर दहा किलो. तळातल्या ओल्या जोडातून अंशभर अँपिअर जरी झिरपला तरी काशाच्या पंख्याची पाती एका हंगामात चाळणी होऊ शकतात. जस्ताचे ठोकळे लावून हे थांबत नाही, ते वेगळ्या कामाचे. झिरपणारा जोड शोधणं हाच उपाय.

म्हणून प्रत्येक वस्तूला दोन तारा, एक जाण्याची आणि एक येण्याची, आणि येणाऱ्या सगळ्या एका तांब्याच्या पट्टीवर. रंग लाल आणि काळा ठेवा. परदेशी पुस्तकांत निगेटिव्हला पिवळी तार सुचवतात, कारण अमेरिकेत काळी तार घरच्या विजेची जिवंत तार असते. आपल्याकडे पिवळी तार फेजची म्हणून ओळखली जाते, तेव्हा तो सल्ला इथे गोंधळच वाढवेल.

दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेण्याचा एक फायदा होकायंत्राजवळ कळतो. 5 अँपिअर नेणारी एकटी तार होकायंत्रापासून 30 सेंटिमीटरवरून गेली तर तिचं चुंबकीय क्षेत्र 3 मायक्रोटेस्लाच्या थोडं वर भरतं. कोकण किनाऱ्यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक 38-39 मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे सुई पाचेक अंशांनी फसू शकते, आणि तीही फक्त तो स्विच चालू असताना! पीळ घातलेल्या जोडीत जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचं क्षेत्र पुसून टाकतात. ही भीती पुस्तकी नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमाप 1904 मध्ये अलिबागला हलवावं लागलं, आणि ते आजही तिथेच चालतं.

कुणाला काय दिसतं

एडिसनचे दिवे प्रयोगशाळेबाहेर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर लागले ते एका जहाजावर, 1880 मध्ये 'कोलंबिया' या आगबोटीवर. तिथे ते प्रवाशांच्या सोयीसाठी होते. लहान बोटीवरचे महत्त्वाचे दिवे आपल्याला दिसावं म्हणून नसतातच, आपण दिसावं म्हणून असतात. त्यांचा कायदा म्हणजे समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम, 15 जुलै 1977 पासून अमलात आलेले. सूर्यास्त ते सूर्योदय आणि धुकं-पावसात दिवसाही ते दिवे लागलेले हवेत.

पुढे तोंड करून बसलं की डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. दोन्ही नाकासमोरून सुरू होऊन प्रत्येकी 112.5 अंशांच्या कोनात दिसले पाहिजेत, त्याबाहेर नाही. डोलकाठीवर पुढच्या बाजूला 225 अंशांत दिसणारा पांढरा आणि पिछाडीला उरलेल्या 135 अंशांत दिसणारा दुसरा पांढरा. 12 मीटरपेक्षा लहान बोटीला सूट अशी की हे दोन पांढरे एकत्र करून चहूबाजूंनी दिसणारा एकच दिवा उंच लावला तरी चालतो; तो लाल-हिरव्यापेक्षा निदान एक मीटर वर हवा. 7 मीटरपेक्षा लहान आणि 7 नॉटपेक्षा जास्त वेग नसलेल्या बोटीला तेवढ्या एका पांढऱ्यावर भागवता येतं, पण जमण्यासारखं असेल तर लाल-हिरवे लावावेतच असं तोच नियम म्हणतो. बऱ्यापैकी आउटबोर्ड लावलेली बोट 7 नॉट सहज ओलांडते, तेव्हा या सवलतीच्या नादी लागू नये.

रंगांचा अर्थ रात्रीच्या समुद्रावर भाषेसारखा वाचला जातो. आडव्या येणाऱ्या बोटीचा लाल दिवा तुम्हाला दिसतोय, याचा अर्थ ती तुमच्या उजव्या हाताला आहे आणि वाट तुम्ही द्यायची. हिरवा दिसला तर वाट तिने द्यायची. दिवे बसवताना डावं-उजवं उलटं झालं तर समोरचा तांडेल अगदी नियमाप्रमाणे वागून तुमच्यावर येईल. आपल्या किनाऱ्यावर याच्या जोडीला मासेमारीच्या खुणाही ओळखता यायला हव्यात: पांढऱ्यावर हिरवा म्हणजे जाळं ओढणारा ट्रॉलर, पांढऱ्यावर लाल म्हणजे इतर जाळी टाकलेली होडी. तिच्या मागून जाताना अंतर राखा, जाळं पंख्यात यायला वेळ लागत नाही.

12 मीटरच्या आतल्या बोटीचा पांढरा दिवा 2 सागरी मैलांवरून आणि लाल-हिरवा 1 मैलावरून दिसावा अशी अट आहे. दोन बोटी 10-10 नॉटने समोरासमोर येत असतील तर एक मैल संपायला तीन मिनिटं लागतात. वाटेत एक व्होल्ट गळालेला असेल तर तीन मिनिटांतली काही हातची गेली.

पितळेचे जुने दिवे फार देखणे असतात आणि मुंबईच्या दारूखान्यातल्या भंगारबाजारात हिंडून ते जमवणारे हौशी आहेत. ते केबिनमध्ये लावावेत. बाहेर, नियमाच्या कामाला, प्रमाणपत्र असलेला नवा दिवा घ्यावा. जुन्या दिव्याची काच आणि कोन त्याच्या मूळ बल्बच्या तंतूच्या जागेनुसार बेतलेले असतात. त्यात एलईडीचा बल्ब खुपसला की कोन बिघडतो, आणि पांढऱ्या एलईडीचा उजेड लाल काचेतून गुलाबीकडे झुकलेला दिसू शकतो. मूळचाच एलईडीचा म्हणून घडवलेला दिवा मात्र जरूर घ्या. रात्रभर नांगरावर 10 वॉटचा तंतूचा दिवा जळला तर बारा तासांत 10 अँपिअर-तास जातात, 2 वॉटच्या एलईडीत फक्त 2. शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये हे धरलं तर 75 अँपिअर-तासांच्या बॅटरीतले खरे हाताशी 37 असतात, तेव्हा हा फरक लहान नाही.

एलईडीची एक खोड मात्र आहे. हलक्या प्रतीच्या दिव्यातलं सर्किट रेडिओत खरखर उठवतं. 2018 मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणी घरच्या घरी होते: व्हीएचएफ रेडिओ शांत चॅनलवर लावा, खरखर नेमकी थांबेल इथपर्यंत स्क्वेल्चची, म्हणजे खरखर दाबणारी, कळ फिरवा आणि मग दिवा लावा. खरखर परत आली तर तो दिवा दुकानदाराला परत करा. संकटात हाक मारायचं चॅनल 16 ऐकू न येण्याची किंमत फार मोठी आहे.

आपला पांढरा दिवा आपल्याच डोळ्यांत येऊ नये याकडे फार कमी लोक लक्ष देतात. काळोखाला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ती सवय एका झगझगीत क्षणात मोडते. दिवा सुकाणू धरणाऱ्याच्या डोक्याच्या वर हवा आणि त्याच्या खाली लहानशी काळी तबकडी असावी, जी खालच्या चकचकीत वार्निशवर पडणारा उजेड अडवेल. केबिनमध्ये मंद लाल दिवा पुरे.

पंप

तळातलं पाणी उपसणारा पंप मुख्य स्विचच्या अलीकडून, थेट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून जोडायचा. मालक स्विच बंद करून घरी गेला तरी तरंगता स्विच वर उचलला गेला की पंप चालला पाहिजे. पण त्याच्याकडून अवास्तव अपेक्षा नको. पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला चाळीस लिटरांहून जास्त पाणी आत येतं. ताशी 500 गॅलनचा छोटा पंप छापील आकड्यानुसारही 32 लिटरच काढतो, आणि नळी वर चढवल्यावर त्याहूनही कमी. तो पाझर आणि पावसाचं पाणी काढण्यासाठी आहे. भोक बुजवायला लाकडी खुंटी जवळ ठेवावी.

काम संपल्यावर

सगळे स्विच बंद करून बॅटरीच्या तारेत मीटर जोडा. काटा शून्यावर हवा. काही दिसलं तर कुठेतरी झिरपतंय. मग दिवा लावून बॅटरीवरचे आणि दिव्याच्या थेट टोकांवरचे व्होल्ट मोजा. हिशेबात निघालेल्या आकड्याहून फरक जास्त आला तर वाटेतला एखादा जोड वाईट आहे, तो हाताला कोमट लागेल. शेवटी कुणाला तरी किनाऱ्यावर उभं करून अंधारात बोट गोल फिरवा आणि कुठून कुठला दिवा दिसतो हे त्याला सांगू द्या.

दरवर्षी बोट वर काढली की पॅनेलचे स्क्रू आवळा आणि बाहेरच्या दिव्यांची थिंबलं उघडून बघा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा आणि सगळ्या वायरिंगचा आराखडा एका कागदावर काढून, प्लास्टिकमध्ये बंद करून पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवा. रात्री, पावसात, बोट हलत असताना बिघाड शोधणाऱ्याला तो लागेल, आणि तो माणूस तुम्ही असालच असं नाही. बोट विकलीत तर किल्लीबरोबर तो कागदही नव्या मालकाला द्या.